गुडघा सांभाळून हायडेलबर्ग

पत्र :
सप्रेम नमस्कार. मी कार्ल्सरूहला मास्टर्स करतोय. जूनच्या पहिल्या आठवड्यात आई-बाबा आणि धाकटी बहीण नाशिकहून येतायत. पहिल्या शनिवार-रविवारी त्यांना हायडेलबर्ग दाखवायचं ठरवलंय. बाबांचा उजवा गुडघा कुरकुरतो, सपाटीवर तासभर चालतात, पण जिने नकोत. आई शाकाहारी, अंडंही खात नाही. बहीण १७ वर्षांची, तिला ‘स्टुडंट सिटीची नाइटलाइफ’ बघायचीच आहे. रात्री माझे दोन मित्रही येतील. सकाळी जाऊन रात्री परतावं की मुक्काम करावा? काय बघावं आणि काय सोडावं?
— घरचा गाइड, कार्ल्सरूह

उत्तर :
प्रिय घरच्या गाइड,

आधी तारखेचं बोलू. जूनच्या पहिल्या शनिवारी हायडेलबर्गमध्ये ‘श्लोसबेलॉइश्टुंग’ असते, म्हणजे किल्ल्याची रोषणाई. ही वर्षातून तीनदाच होते : जूनचा पहिला, जुलैचा दुसरा आणि सप्टेंबरचा पहिला शनिवार. रात्री सव्वादहाच्या सुमारास सगळा पडका किल्ला लाल उजेडात पेटल्यासारखा दिसतो आणि मग जुन्या पुलावरून आतषबाजी सुटते. १६८९ आणि १६९३ मध्ये फ्रेंच सैन्यानं हे गाव आणि किल्ला जाळला होता, तो लाल उजेड त्याच आगींची आठवण आहे. पत्रात तुम्ही याचा उल्लेख केलेला नाही, म्हणजे बहुधा नकळतच हा दिवस निवडलात. नशीब चांगलं आहे. पण त्या रात्री नदीकाठ माणसांनी फुलून जातो आणि हॉटेलं केव्हाच भरतात. खोली आजच बघा. नाहीच मिळाली तर शनिवार बदला, पण रात्री उशिराच्या गाडीनं परत यायचा बेत करू नका. आतषबाजी संपली की सगळी गर्दी एकाच वेळी स्टेशनाकडे वळते, आणि अशा फलाटावर बाबांना तासभर उभं राहावं लागेल.

म्हणजे मुक्काम पक्का. पण कुठे? जुन्या गावात, म्हणजे आल्टश्टाटमध्ये, राहायचा मोह होईल. तो टाळा. जूनमध्ये उकडतं, साध्या हॉटेलांत एसी नसतो, खिडकी उघडी ठेवावी लागते आणि खाली पहाटेपर्यंत बिअर पिऊन गाणी चालतात. तिथल्या रहिवाशांचं आणि बारवाल्यांचं बंद करायच्या वेळेवरून भांडण पार कोर्टापर्यंत गेलं, यावरून काय ते समजा. शिवाय सगळीकडे दगडी फरसबंदी आहे. तिच्यावरून चाकांच्या बॅगा ओढताना हात भरून येतात. नदीपलीकडचं नॉयनहाइम पाहा. तिथून थिओडोर-हॉइस पूल ओलांडला की पाच-दहा मिनिटांत बिस्मार्कप्लात्स, म्हणजे जुन्या गावाच्या तोंडाशी असलेला चौक, सगळं सपाट. मुख्य म्हणजे आतषबाजी नदीच्या याच काठावरून सर्वांत चांगली दिसते, त्यामुळे ती संपल्यावर आई-बाबांना गर्दीतून पूल ओलांडावा लागत नाही.

तुमच्याकडे डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभर चालणारा महिन्याचा पास, असेलच. बाकी तिघांसाठी बाडेन-व्युर्टेमबर्ग टिकेट काढा. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं आणि हायडेलबर्गमधल्या ट्राम-बसही त्यातच येतात. शनिवार-रविवारी सकाळी नऊनंतरच निघायची अट नसते, तिकीट मध्यरात्रीपासून दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत चालतं. दोन दिवसांची दोन तिकिटं लागतील. त्यावर प्रवाशांची नावं लिहायला विसरू नका आणि आयसीई किंवा आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत चढू नका. ‘पुढची गाडी लवकर पोचते’ म्हणून घाईत चढणारे इथेच फसतात, तिकीट फक्त लोकल आणि रीजनल गाड्यांना चालतं.

हायडेलबर्गच्या मुख्य स्टेशनावर उतरल्यावर किल्ला कुठेच दिसणार नाही, गावही दिसणार नाही. घाबरू नका, चूक तुमची नाही. १९५५ मध्ये स्टेशन गावाबाहेर पश्चिमेला हलवलं, त्यामुळे जुनं गाव अडीच-तीन किलोमीटर लांब राहिलं. चालत निघाल तर बाबांचा सगळा कोटा तिथेच संपेल. बॅगा हॉटेलवर टाका आणि ‘राटहाउस / बेर्गबान’ या थांब्याला जाणारी बस धरा. स्टेशनावरून ३३ नंबरची बस जाते. ती थेट कोर्नमार्क्ट चौकाच्या तोंडाशी सोडते, आणि किल्ल्यावर जाणारी केबल रेल्वे तिथूनच सुटते.

या रेल्वेला बेर्गबान म्हणतात. किल्ल्याच्या तिकिटातच तिचं वर जाणं आणि खाली येणं धरलेलं असतं, ते दोन्ही वापरा. पायवाटेनं ३१५ पायऱ्या आहेत. बरेच जण वर रेल्वेनं जातात आणि ‘उतरताना काय, सहज चालत येऊ’ म्हणतात. गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जास्त छळतं, कारण प्रत्येक पायरीवर सगळा भार वाकलेल्या गुडघ्यावर येतो. बाबा कितीही ‘मला जमतं’ म्हणाले तरी त्यांना रेल्वेतच बसवा.

किल्ला सकाळी नऊला उघडतो, त्या वेळेला वर असा. उशीर केलात तर टुरिस्ट बसमधली माणसं आलेली असतात आणि पिंपाच्या खोलीत दाराशीच रांग लागते. पिंप म्हणजे १७५१ सालचं लाकडी वाइनचं पिंप, मावते सुमारे २ लाख २० हजार लिटर. हे हौसेसाठी केलेलं नाही, ती तर सरकारी वसुलीची टाकी! पॅलेटिनेट या इथल्या जुन्या संस्थानातले द्राक्षबागायतदार कराचा हिस्सा वाइनच्या रूपात द्यायचे आणि सगळ्यांची वाइन, चांगली-वाईट, एकाच पिंपात ओतली जायची. चव कशी असेल ते बाबांना विचारा, सोसायटीच्या डेअरीत दूध घालणाऱ्या कुणालाही कळेल. पिंपाच्या माथ्यावर नाचायला फळी बांधलेली आहे. तिथे जायला अरुंद जिना आहे, तेवढा बाबांनी सोडावा. समोर पेर्केओचा लाकडी पुतळा आहे, हा दरबारातला बुटका विदूषक. वाइनखेरीज दुसरं काही प्यायचा नाही म्हणे, आणि आख्यायिका अशी की डॉक्टरच्या सल्ल्यानं एकदा पाणी प्यायला आणि मेला.

औषधांचं संग्रहालय, आपोटेकेन-मुझेउम, त्याच तिकिटात आहे. आईला ते किल्ल्यापेक्षा जास्त आवडू शकतं. शेकडो लाकडी खणांची जुनी दुकानंच्या दुकानं उचलून आणून मांडलीत, खल-बत्ते आहेत, वाळवलेली मुळं आहेत. राजवाड्याच्या आतल्या खोल्या मात्र वेगळ्या तिकिटावर आणि गाइडबरोबरच पाहता येतात. तिथे जिने आहेत, सोडून द्या. त्याऐवजी बागेत जा. तिथून फुटलेला बुरूज दिसतो. १६९३ मध्ये फ्रेंचांनी सुरुंग लावला, तेव्हा सहा मीटरांहून जाड भिंतीचा अर्धा भाग न तुटता एकसंध सुटला आणि खंदकात टेकून तसाच राहिला. केकचा तुकडा कापून बाजूला सरकवावा तसा. अजून तिथेच आहे. किल्ल्यात एकच गोष्ट बघायची असेल तर ती ही.

वेळ आणि उत्साह असेल तर त्याच रेल्वेनं पुढे मोल्केनकूरला जा, तिथे गाडी बदला आणि १९०७ सालच्या लाकडी डब्यातून ५६८ मीटर उंच क्योनिगश्टूलवर. याचं तिकीट वेगळं. आकाश स्वच्छ असेल तर ऱ्हाइनचं सगळं मैदान दिसतं. धुरकट हवा असेल तर पैसे वाया, खालूनच अंदाज घ्या.

दुपारी बारापर्यंत खाली या आणि आईच्या जेवणाचं बघा. जर्मनीत ‘फेगेटारिश’ म्हटलं की अंडं चालतं असं धरतात, म्हणून ‘ओने आय’, अंड्याशिवाय, हे वेगळं सांगावं लागतं. श्पेट्झलं या इथल्या नूडल्समध्ये अंडं असतंच, म्हणजे केझेश्पेट्झलं बाद. माउलटाशेन दिसतात आपल्या करंजीसारख्या, पण आत बहुधा खिमा असतो. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे बटाट्याचं सॅलड. दक्षिण जर्मनीत ते मेयोनीजऐवजी मांसाच्या गरम रश्श्यात मुरवतात, आणि मेन्यूवर नुसतं ‘कार्टोफेलझालाट’ लिहिलेलं असतं. तुमचं नशीब इथेही चांगलं आहे : २४ जूनपर्यंत पांढऱ्या शतावरीचा, श्पार्गलचा हंगाम असतो, आणि श्वेत्सिंगेन हे श्पार्गलचं गाव हायडेलबर्गच्या शेजारीच आहे. उकडलेली शतावरी, नवे बटाटे आणि ‘मिट बुटर’, म्हणजे लोण्याबरोबर, असं मागा. हॉलंडेझ सॉस नको, त्यात अंडं असतं, आणि हॅमचे काप नकोत म्हणून ‘ओने शिंकेन’. बजेट आखडतं असेल तर मारश्टाल चौकातल्या विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये वजनावर ताट मिळतं. तिथे सॅलड आणि भाज्या घ्याव्यात, बटाटे तराजूवर जड पडतात.

जेवणानंतर हाउप्टश्ट्रासेवर फिरा. दीडएक किलोमीटरचा हा वाहनबंद रस्ता गावाची पाठ आहे, पण दुकानं सगळ्या जर्मनीत असतात तीच, त्यामुळे त्याचं फार कौतुक नको. आउगुस्टिनरगासेतला विद्यार्थ्यांचा तुरुंग, श्टुडेंटेनकार्त्सर, मात्र चुकवू नका. हे विद्यापीठ १३८६ सालचं, जर्मनीतलं सर्वांत जुनं. विद्यार्थ्यांवर खटला चालवायचा हक्क गावाला नव्हता, विद्यापीठालाच होता, म्हणून तुरुंगही विद्यापीठाचा. १७७८ ते १९१४ पर्यंत तो चालू होता. रात्री धिंगाणा घातला, दारू पिऊन दिवे फोडले, द्वंद्वयुद्ध केलं की इथे रवानगी. सुरुवातीला पाव आणि पाणी, पण लेक्चरला जायला परवानगी! हळूहळू इथे एकदा तरी जाऊन येणं हीच प्रतिष्ठा झाली. भिंतीवर आणि छतावर मेणबत्तीच्या काजळीनं काढलेल्या टोपीवाल्या तरुणांच्या आकृत्या आहेत, खाली नाव, आद्याक्षरं, किती दिवस आणि कशासाठी. मजले चढावे लागतात, बाबांना खाली चौकात कॉफी पाजा. उघडण्याच्या वेळा मोसमानुसार बदलतात, आदल्या दिवशी पाहून ठेवा.

जाताना बहिणीला क्न्योझेलची ‘श्टुडेंटेनकुस’ नावाची चॉकलेटची चकती घेऊन द्या. १८६३ पासूनच्या या दुकानाची शक्कल अशी होती की पहारेकरी बायकांच्या देखरेखीत आलेल्या मुलींना विद्यार्थी निदान चॉकलेट तरी देऊ शकतील.

मग दोन ते सहा सगळ्यांनी हॉटेलवर झोपा. हे हसण्यावारी नेऊ नका. रात्री बारापर्यंत जागायचंय, आणि दिवसभर भटकून नदीकाठी पोचलेलं कुटुंब आतषबाजीच्या आधीच भांडतं.

सहाला आई-बाबांना झोपू द्या. तुम्ही आणि बहीण फिलोसोफेनवेगवर जा, हॉटेल नॉयनहाइमला असल्याचा हा दुसरा फायदा. ही नदीपलीकडच्या टेकडीवरची वाट आहे, समोर सगळं गाव, पूल आणि किल्ला. किल्ल्याचा दगड लाल वाळूचा आहे, त्यावर पश्चिमेचा उजेड पडला की तो पेटतो. सकाळी हीच जागा फिकी वाटते. बेर्गश्ट्रासेच्या बाजूनं चढा. चढ कडक आहे, पण रस्ता डांबरी आहे. जुन्या पुलासमोरून वर जाणारा श्लांगेनवेग फोटोत सुंदर दिसतो, पण दोन भिंतींमधल्या सावलीत दगड ओलसर आणि शेवाळलेले असतात. दोघांनीही उतरताना तो टाळावा, अंधारात तर मुळीच नको. ‘आतषबाजी वरूनच बघू’ हा मोह त्याचसाठी आवरा.

आठपर्यंत खाली या. नॉयनहाइमच्या काठावर, थिओडोर-हॉइस पुलाच्या पूर्वेला जागा धरा. पश्चिमेला नेकारवीझे म्हणून मोठी हिरवळ आहे, सगळे विद्यार्थी तिथे पडलेले असतात आणि बसायला ती जास्त सुखाची. पण मध्ये पूल येतो, जुन्या पुलावरचे बाण पूर्ण दिसत नाहीत. सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, मग नदीवरून गार वारा सुटतो. आईला स्वेटर द्या. बाबांना सतरंजीवर बसवू नका, उठताना त्रास होईल, घडीचं स्टूल द्या. पिण्याच्या बाटल्या नेल्यात तर पफांडचा, म्हणजे बाटली परत केल्यावर मिळणाऱ्या अनामतीचा, हिशेब लक्षात ठेवा : काचेच्या बिअरच्या बाटलीला ८ सेंट, बऱ्याचशा इतर परत भरण्याच्या बाटल्यांना १५, एकदाच वापरायचे कॅन आणि प्लास्टिक २५. परत न्यायच्या नसतील तर कचरापेटीत टाकू नका, पेटीशेजारी उभ्या ठेवा. कुणीतरी गोळा करून त्यावर चार पैसे कमावतं.

आई-बाबा खोलीवर गेले की तुमची रात्र सुरू होते, आणि पहिला प्रश्न बहिणीचा. जर्मन कायद्यानुसार १६ पूर्ण झालेल्यांना बिअर आणि वाइन मिळते, कडक दारू १८ नंतर. ती प्यावी की नाही हे आईचं खातं. पण १६-१७ वर्षांच्या मुलांना पालकांशिवाय पबमध्ये किंवा डिस्कोत मध्यरात्रीपर्यंतच थांबता येतं. त्यापुढे थांबायचं तर पालकांनी सज्ञान व्यक्तीला, म्हणजे तुम्हाला, लेखी जबाबदारी दिलेली असावी लागते. बोलीभाषेत त्याला ‘मुटीत्सेटल’, आईची चिठ्ठी, म्हणतात. तरीही कित्येक क्लब स्वतःच्या नियमानं १८ खालच्यांना दारातूनच परत पाठवतात. म्हणून तिच्यासाठी अकरा ते बारा, उंटरे श्ट्रासे, हातात आपफेलशोर्ले (सोडा घातलेला सफरचंदाचा रस), एवढा बेत धरा. पासपोर्ट खरा न्या, आधार कार्ड दाखवून उपयोग नाही.

उंटरे श्ट्रासे हाउप्टश्ट्रासेला समांतर, तिच्या नदीकडच्या अंगाला आहे. लहानशी गल्ली, पण जवळजवळ प्रत्येक घराच्या तळमजल्यावर बार. आत जागा नसते, माणसं गल्लीतच उभी राहतात. ‘डेस्टिले’ इथलंच, छोट्या पेल्यातल्या श्नाप्ससाठी, म्हणजे कडक दारूसाठी, प्रसिद्ध. छोटा पेला दिसतो म्हणून हलका समजू नका. दोनच गोष्टी सांभाळा : रोख पैसे, कारण अनेक जागी ‘नूर बार’, फक्त रोख, अशी पाटी असते; आणि ‘श्टामटिश’ अशी पाटी असलेलं टेबल. ते रिकामं दिसलं तरी कुणाचं तरी कायमचं असतं. बाकीच्या टेबलांवर अनोळखी माणसांशेजारी बसायला हरकत नाही, ‘इस्ट हिअर नोख फ्राय?’, इथे जागा आहे का, एवढं विचारा. ग्लास भिडवताना समोरच्याच्या डोळ्यांत बघा. पैसे देताना वेटर ‘त्सुझामेन ओडर गेट्रेंट?’ विचारेल, एकत्र की वेगवेगळे. टीप टेबलावर ठेवू नका. १८.४० झाले असतील तर नोट देतानाच ‘त्स्वांत्सिश’ म्हणा, वीस.

जुन्या पद्धतीचं विद्यार्थी पब बघायचं तर ‘त्सुम रोटेन ओक्सेन’ हे १७०३ पासूनचं आणि शेजारचं ‘झेपल’. टेबलांच्या लाकडावर पिढ्यानपिढ्यांनी नावं कोरलीत, भिंतीवर विद्यार्थी-मंडळांचे फोटो आहेत. पण ते रात्री उशिराचं ठिकाण नाही, संध्याकाळी जेवायला जायचं आहे, आणि त्या शनिवारी आधी टेबल राखून ठेवल्याशिवाय जाऊ नका.

बहिणीला पोचवून बारानंतर मित्रांबरोबर निघालात तर क्रेमरगासेतलं ‘केव्ह ५४’ पाहा. नावातच साल आहे : १९५४ मध्ये विद्यार्थ्यांनी सुरू केलेला जॅझ क्लब, तळघरात, गोल जिन्यानं उतरायचा. नाचायला मोठी जागा हवी असेल तर जुनं गाव सोडावं लागतं. ‘हाले०२’ मुख्य स्टेशनामागच्या बानश्टाटमध्ये, जुन्या मालधक्क्यात आहे. ‘कार्ल्सटोरबानहोफ’ हे नाव वाचून गावाच्या पूर्व टोकाला जाऊ नका, ते २०२२ मध्ये दक्षिणेला ज्युडश्टाटमध्ये गेलं, नाव तेवढं जुनंच राहिलं. दारावरचे रखवालदार फक्त मुलग्यांचा मोठा घोळका बघून नकार देतात, तेव्हा दोघे-तिघे जा. कोट ठेवायला सुटी नाणी ठेवा. रात्रीच्या बसना ‘मूनलायनर’ म्हणतात, बिस्मार्कप्लात्सवरून सुटतात. मित्रांना कार्ल्सरूहला परतायचं असेल तर तिकीट तीनला संपतं, हे त्यांना आधी सांगा.

रविवारी दुकानं बंद. पाणी, फळं, बाबांची गोळी शनिवारीच घेऊन ठेवा. मात्र रविवारची सकाळ जुन्या पुलासाठी सोनं आहे. १७८४ च्या हिमपुरात आधीचा पूल वाहून गेला, त्यानंतर १७८८ मध्ये हा दगडी पूल पुरा झाला, १९४५ च्या मार्चमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानं त्याचा काही भाग उडवला, मग १९४७ पर्यंत पुन्हा बांधला. पुलाच्या गावाकडच्या टोकाला ब्रॉन्झचं माकड बसलंय, हातात आरसा. आरशाला हात लावला तर पैसा, बोटांना लावला तर हायडेलबर्गला पुन्हा येणं, शेजारच्या उंदरांना लावला तर मुलंबाळं. सकाळी आठला रांग नसते. नंतर हायलिगगाइस्ट चर्च. तिथे प्रार्थना चालू असेल तर बाहेर थांबा. १७०६ पासून १९३६ पर्यंत या चर्चच्या मधोमध भिंत होती, अर्धं कॅथलिकांचं, अर्धं प्रॉटेस्टंटांचं. चुलत भावांनी वाड्यात घातलेली भिंत आठवली तर नवल नाही.

बाबांना एक गोष्ट ट्राममध्ये सांगा. खंडोबा, बिरोबा, म्हसोबा आणि धनगरांच्या ओव्यांवर आयुष्यभर काम केलेले ग्युंटर सोनथायमर हे याच विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत प्राध्यापक होते. १९९२ मध्ये ते गेले. जेजुरीला गेलेल्या माणसाला किल्ल्यापेक्षा ही माहिती जास्त जवळची वाटू शकते.

आणि ते घडीचं स्टूल कार्ल्सरूहमधूनच घेऊन निघा. आयत्या वेळी नदीकाठी ते मिळणार नाही.